‘अपडेट मागे घेतलं आहे’ : कोथरूडमधल्या ११ फोनांचं प्रकरण

रविवारी सकाळी पावणेसातला ताईंचा फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता. ‘अरे, रात्रपाळीच्या पाचही जणींचे फोन लागत नाहीयेत. एकीचा लागला नसता तर म्हटलं असतं, चार्जिंग उतरलं असेल. पाच जणींचं एकदम कसं उतरेल?’

ताई कोथरूडमध्ये एक छोटा ब्यूरो चालवतात. घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या ११ जणी त्यांच्याकडे आहेत, पाच रात्रपाळीला आणि सहा दिवसपाळीला. रुग्ण बहुतेक ऐंशीच्या पुढचे. घरं प्रभात रस्त्यावर, मयूर कॉलनीत, कर्वेनगरात. मुलं अमेरिकेत, नाहीतर बंगळुरूला. त्यामुळे रात्रपाळीच्या मावशींचा फोन हा त्या घराचा जगाशी असलेला धागाच असतो. ब्यूरोचे संगणक, फोन आणि हजेरीचं अ‍ॅप मी सांभाळतो. कर्वे रस्त्याच्या आसपासच्या आणखी काही लहान व्यवसायांचंही हेच काम माझ्याकडे आहे.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण त्या नऊ दिवसांत बिघाडापेक्षा जास्त नुकसान एका वाक्यानं केलं. ‘अपडेट मागे घेतलं आहे’ हे ते वाक्य. सांगणाऱ्यासाठी तिथे विषय संपत होता. ज्यांच्या हातात बंद फोन होता त्यांचा विषय तिथून सुरू होत होता. हा फरक आम्हाला पहिल्या दिवशीच कळला असता तर एका आजींच्या तीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या असत्या. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव कुठलंही असतं तरी गोष्ट फारशी वेगळी झाली नसती.

नेमक्या पाचच का

सगळे फोन एकाच मॉडेलचे. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानातून हप्त्यांवर घेतले. प्रत्येक फोन त्या त्या बाईच्या नावावर, हप्ता पगारातून कापून. एकच मॉडेल घ्यायचा सल्ला माझा होता. चार्जर एक, कव्हर एक, आणि शिकवायचं एकदाच, असा माझा हिशेब. तो तेव्हा बरोबर वाटला होता. आपोआप अपडेटचं बटणही सगळ्या फोनांवर मीच चालू केलं होतं : रात्री, वायफायवर, चार्जिंगला लावलेला असताना.

शनिवारी रात्री जे झालं त्याचा उलगडा रविवारी दुपारी झाला. दिवसपाळीच्या मावशी रात्री आपापल्या घरी असतात, वारज्यात, धायरीत, उत्तमनगरला. तिथे वायफाय नाही, सिमवरचं नेट पुरवून पुरवून वापरतात. त्यामुळे त्यांच्या फोनवर फक्त सूचना आली होती : नवीन अपडेट उपलब्ध, डाउनलोड करा. रात्रपाळीच्या पाच जणी मात्र रुग्णांच्या घरी होत्या. तिथे वायफाय होतं, उशाशी चार्जर होता. पहाटे दोन-तीनच्या सुमारास पाचही फोन स्वतःहून अपडेट झाले आणि बंद होऊन पुन्हा सुरू झाले. म्हणजे नेटवर्क गेलं ते नेमकं त्याच घरांमधून, जिथे रात्री फोनवाचून चालत नाही.

प्रभात रस्त्यावरच्या आजोबांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो रोज आपल्या सकाळी सहाला फोन करतो. त्यानं त्या दिवशी चौदा वेळा लावला. आजोबांच्या घरचा जुना लँडलाइन पावसानं आधीच गेलेला. शेवटी त्यानं शेजारच्या बंगल्यातल्या काकांना उठवलं आणि ते पंचाहत्तरीचे काका छत्री घेऊन, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलेलं, फाटकातून आत आले. आजोबा चहा पीत बसले होते. सगळं ठीक होतं. पण काकांचा हात दारातल्या खुर्चीला धरून कितीतरी वेळ थरथरत होता, असं मावशी सांगत होत्या.

मी साडेआठला वारज्याच्या मावशींना भेटलो. त्या मूळच्या बार्शीकडच्या, वीस वर्षं हे काम करतायत. ड्युटी संपवून बसथांब्यावर उभ्या होत्या, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्याशी धरलेला. माझ्या हातात देताना आधी बोलल्या त्या एवढंच : ‘दादा, म्या हात बी लावला नाही हो त्याला. झोपलेले बी नव्हते, आजोबांचे पाय दाबत होते.’

हे वाक्य मला पुढच्या नऊ दिवसांत निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळालं. पाचही जणींना वाटत होतं की आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. एकीला मुलगा ओरडला होता. एकीनं तर ताईंना विचारलं की पगारातून किती कापणार. फोन न विचारता रात्री स्वतःला बदलतो आणि सकाळी अपराधी ठरते ती तो उशाशी ठेवणारी बाई. मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली आहे.

फोन चालू होता. पडदा छान दिसत होता, वायफाय पकडत होता, कॅमेरा चालत होता. फक्त वर दोन्ही सिमच्या जागी फुली. सिम काढून पुसून पुन्हा घातली, दुसऱ्या कंपनीचं घातलं, तरी तेच. मग *#०६# दाबलं. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक यायला हवा होता, चौकट आली ती रिकामी. सेटिंगमध्ये बेसबँडच्या पुढे ‘अज्ञात’. टॉवरशी बोलणारा जो भाग फोनमध्ये असतो त्याची स्वतःची वेगळी प्रणाली असते. मुख्य प्रणाली नवी झाली होती आणि तिला तो भाग ओळखूच येत नव्हता. घरातला माणूस घरातच होता, पण त्याची खोली बाहेरून बंद झाली होती.

रीसेट

रात्रपाळीच्या पाचपैकी एक मावशी आंबेगावच्या. मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्यांच्या मुलानं स्वतःच्या फोनवरून कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसानं त्याला सांगितलं, फॅक्टरी रीसेट करा. मुलानं केला. वीस मिनिटांनी फोन नव्यासारखा चकचकीत उघडला. वर दोन फुल्या तशाच.

फॅक्टरी रीसेट म्हणजे फोन पूर्वी होता तसा होतो, असा बहुतेकांचा समज आहे. नावच तसं आहे. प्रत्यक्षात रीसेट पुसतं ते तुमचं सामान : फोटो, संदेश, अ‍ॅपमधल्या नोंदी, खाती. खालची प्रणाली जी असेल तीच राहते. बिघडलेलं अपडेट त्याच जागी राहतं आणि वाया जातं ते फक्त तुमचं. नेटवर्कचा दोष प्रणालीत असताना दिलेला हा सल्ला म्हणजे भिंतीला ओल आली म्हणून घरातलं सामान बाहेर फेकण्यासारखा.

त्या मावशी कर्वेनगरच्या एका आजींकडे होत्या. आजी इन्सुलिनवर. जेवणाआधीची आणि नंतरची साखर, किती युनिट दिलं, रात्री घाम आला का, हे सगळं मावशी फोनच्या वहीत लिहून ठेवायच्या आणि महिन्याला डॉक्टरांना दाखवायच्या. औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटोही त्यातच. तीन महिन्यांचं सगळं गेलं. दुसरीकडे साठवलेलं काही नव्हतं. ती सोय करून देणं माझं काम होतं आणि ते मी केलेलं नव्हतं.

सोमवार

सोमवारी सकाळी दिवसपाळीच्या सहा मावशींचे फोन मी एकेक करून हातात घेतले. आदल्या दुपारपर्यंत त्यांच्यावर ‘डाउनलोड करा’ दिसत होतं. आता सूचना गायब. अपडेट तपासा दाबलं की उत्तर यायचं : तुमची प्रणाली अद्ययावत आहे. कंपनीनं अपडेट काढून घेतलंय हे आम्हाला कळलं ते असं, एका ओळीच्या नाहीशा होण्यावरून. फोनवर निरोप नाही, कंपनीच्या पानावर खुलासा नाही, दुकानदाराला काही माहीत नाही.

दुपारी दोन मावशींना घेऊन सेवा केंद्रात गेलो. टोकन सदतीस. समोर आमच्यासारखेच बरेच जण होते. एक कॉलेजची मुलगी जिचं ऑनलाइन परीक्षेचं ओटीपी येत नव्हतं, एक रिक्षावाले दादा ज्यांची दोन दिवसांची अ‍ॅपवरची भाडी बुडाली होती. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता. सकाळपासून तो तेच ऐकत होता. त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, ‘सर, ते अपडेट मागे घेतलंय.’

मी विचारलं, ‘मग आता हा फोन?’

‘नाही, म्हणजे आता ते कुणाला येणार नाही.’

‘यांना आलंय ना पण.’

तो गप्प झाला. मग म्हणाला, नवीन येईपर्यंत थांबा, तारीख सांगता येणार नाही. घाई असेल तर बोर्ड बदलून मिळेल, वॉरंटी संपल्यामुळे सहा हजार आठशे. शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी हळूच विचारलं, ‘मागं घेतलं म्हणतायत, मग आपल्यातनं कधी घेणार?’

तिथे जमलेल्या सगळ्यांचा प्रश्न हाच होता आणि इतक्या नेमक्या शब्दांत तो दुसऱ्या कुणाला मांडता आला नव्हता.

मागे घेणं म्हणजे काय

संध्याकाळी ताईंच्या घरी सगळ्याजणी जमल्या तेव्हा मी दुधाचं उदाहरण दिलं. डेअरीला सकाळी सहाला कळलं की आजच्या दुधात खोट आहे. तिनं नाक्यावर गाड्या अडवल्या. पण पहाटे पाचला तुमच्या दारात पिशवी पडलीय, तुम्ही ती तापवलीय, विरजणही लावलंय. गाड्या अडवल्यानं तुमच्या पातेल्यात काहीच बदलत नाही. अपडेटचं तंतोतंत असंच आहे. फोन अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, माझ्यासाठी काही आहे का. कालपर्यंत उत्तर ‘हो’ होतं, आज ‘नाही’ झालं. एवढंच घडतं. ज्यांनी घेतलं त्यांच्या फोनात कुणी मागे जात नाही.

मग फोनला स्वतःला मागे जाता येत नाही का? येतं, आणि इथे गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. अँड्रॉइडमध्ये २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून अशी सोय आली की प्रणालीसाठी दोन कप्पे ठेवायचे. एकावर फोन चालतो, दुसऱ्यावर गुपचूप नवं अपडेट भरलं जातं. पुढच्या वेळी फोन नव्या कप्प्यातून उघडतो. नाही उघडला तर जुन्यावर परततो. उत्तम योजना. पण परतायचं की नाही हे ठरवताना फोन पाहतो ते आपण नीट उघडलो का, एवढंच. आमचे पाचही फोन नीट उघडले होते. रंगीत पडदा आला, घड्याळ आलं, म्हणून यंत्रानं स्वतःला पास करून टाकलं. कॉल लागतो का ही परीक्षाच नव्हती. त्यानंतर नवीन पद्धतीत जुन्या कप्प्यातलं शिल्लक गुंडाळून जागा मोकळी केली जाते आणि परतीची वाट बंद होते.

जुनी प्रणाली हातानं भरता येईल का, हेही पाहिलं. बहुतेक नव्या फोनांत जुन्या आवृत्तीवर जायला कुलूप असतं आणि त्यामागचं कारण खरं आहे. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं असतात. चोरानं फोन मारला आणि त्यावर जुनी आवृत्ती चढवली तर त्या भोकातून तो आत शिरेल. ते कुलूप उघडायची वाट काही फोनांत असते, पण उघडताना आतलं सगळं पुसलं जातं. म्हणजे पुन्हा तेच, सामान बाहेर फेकायचं. उरलेल्या चार मावशींच्या बाबतीत मी त्या वाटेला गेलो नाही.

हे फक्त आमच्या वाट्याला आलं असं नाही. मोठमोठ्या नावांकडूनही हे झालंय आणि तिथे मागे घेण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या दिसतात. २४ सप्टेंबर २०१४ला अ‍ॅपलनं आयओएस ८.०.१ आणलं आणि आयफोन ६ व ६ प्लसचं नेटवर्क आणि बोटाचा ठसा दोन्ही बंद पडलं. तासाभराच्या थोडं वर गेलं असेल, अपडेट काढून घेतलं. अ‍ॅपलच्या सांगण्याप्रमाणे ४०,०००पेक्षा कमी फोन त्यात सापडले. पण त्यांनी माफी मागितली, संगणकाला जोडून आधीची आवृत्ती परत कशी भरायची ते पायरीपायरीनं लिहून दिलं, त्यासाठी जुन्या आवृत्तीचं दार उघडं ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. परतीची वाट दाखवली, हा तिथला मुद्दा.

दुसरं उदाहरण मला या आंबेगावच्या मावशींमुळे सारखं आठवत राहिलं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चं ऑक्टोबरचं मोठं अपडेट, आवृत्ती १८०९, २ ऑक्टोबर २०१८ला काढलं. चार दिवसांत थांबवलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायली नाहीशा झाल्या होत्या. कारण ऐकण्यासारखं आहे. काहींनी डॉक्युमेंट्स फोल्डरची जागा बदलून दुसऱ्या ड्राइव्हवर नेली होती. आधीच्या अपडेटनंतर त्यांना जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर दिसायचे, त्याची तक्रार झाली. म्हणून ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये हे जादाचे फोल्डर झाडून काढणारा भाग घातला. पण ज्यांचे जुने फोल्डर रिकामे नव्हते त्यांचेही फोल्डर त्यानं आतल्या फायलींसकट झाडले. कंपनीनं हे कारण जाहीर लिहिलं. ज्यांच्या फायली गेल्या त्यांना सांगितलं की तो संगणक शक्यतो वापरू नका, मदत कक्षाला फोन करा. पुसलेल्या फाइलच्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर ती परत मिळायची आशा असते, म्हणून हा सल्ला. सुधारलेलं अपडेट १३ नोव्हेंबरला आलं.

त्यातली एक गोष्ट मनाला टोचते. अपडेट आधीच वापरून पाहणाऱ्यांपैकी काहींनी फायली गेल्याची तक्रार आधी नोंदवली होती. पण तक्रारी मतांवर वर-खाली व्हायच्या. ज्या तक्रारीला मतं कमी, ती खाली. फायली गमावलेली माणसं थोडीच होती, दहा हजारांत एक अशा प्रमाणात तक्रारी आल्या, असं कंपनीनंच सांगितलं. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे सांगायची सोय त्यांनी जोडली. दहा हजारांत एक हा आकडा कंपनीच्या खोलीत बसून फार लहान दिसतो. आमच्याकडे तो कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावर, आजींच्या पलंगाशेजारी बसला होता.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी विंडोज संगणकांवर जायला लागली. ७८ मिनिटांनी, १० वाजून ५७ला, ती मागे घेतली. इतकं चपळ मागे घेणं क्वचितच होतं. तरी तोवर जवळपास ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले होते आणि त्यातल्या असंख्य संगणकांपाशी माणसानं जाऊन, सेफ मोडमध्ये उघडून, ती फाइल हातानं काढावी लागली. त्या शुक्रवारी भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास लोकांनी पाहिले. मागे घ्यायला तासभर, निस्तरायला दिवसच्या दिवस.

या तिन्ही ठिकाणी कंपन्यांनी निदान तोंड उघडलं. आमच्या बाबतीत कंपनीनं पहिल्याच दिवशी तीन वाक्यं फोनवर पाठवली असती : दोष आमच्या अपडेटमध्ये आहे, रीसेट करू नका, वायफायवर दुरुस्ती पाठवतो. वायफाय तर चालू होतं! निरोप पोचवायची वाट शाबूत होती. तिसरं वाक्य लिहिता आलं नसतं तरी पहिली दोन रविवारी सकाळी पुरली असती.

नऊ दिवस

ब्यूरो बंद ठेवता येत नव्हता. ताईंनी त्याच संध्याकाळी तपकीर गल्लीतून पाच साधे बटणांचे फोन आणले. सिम त्यात घातली, फोन लागायला लागले. पण हजेरीचं अ‍ॅप नाही, रुग्णाच्या घरचा पत्ता नकाशावर पाठवता येत नाही. यूपीआय तर दोन्हीकडून गेलं, कारण ते अ‍ॅप फोनमधल्या सिमशी बांधलेलं असतं आणि सिम आता बटणांच्या फोनात. आठवड्याचे पैसे ताईंनी रोख दिले, सुट्ट्यांसाठी भाजीवाल्याकडे जाऊन. बुधवारी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला. दर वेळी हा निरोप गटावर एकदाच टाकला की भागतं. या वेळी ताईंनी पाच फोन वेगवेगळे केले. एकीला लागला नाही, ती नदीपात्रापर्यंत जाऊन परत फिरली आणि ड्युटीला पाऊण तास उशिरा पोचली. तोवर दिवसपाळीची मावशी जागची हलली नाही.

आजींच्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून होता. गुरुवारी दुपारी आंबेगावच्या मावशींबरोबर कर्वेनगरला गेलो. आजींचं साखर मोजायचं यंत्र टेबलावर होतं. त्याचं एक बटण दाबून धरलं की आधीचे आकडे दिसतात हे मावशींना ठाऊक होतं, पण किती मागे जातात हे कधी पाहिलं नव्हतं. मी दाबत गेलो, त्या लिहीत गेल्या. दोनशे पानी वही, निळी शाई, रेघ मारून चार रकाने. १६८. २१२. ९४. चौऱ्याण्णववर त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘हे गुरुपौर्णिमेचं. आजी जेवल्याच नव्हत्या, साखरपाणी दिलं होतं मी.’ यंत्राला आकडा आणि वेळ आठवत होती, बाकीचं मावशींना. दीड तासात तीन महिन्यांपैकी जवळपास अडीच महिन्यांचे आकडे कागदावर आले. इन्सुलिनची युनिटं मात्र यंत्रात नसतात. ती कोरीच राहिली.

नवव्या दिवशी, सोमवारी रात्री, दुरुस्तीचं अपडेट आलं. वारज्याच्या मावशींच्या फोनवर मी ते समोर बसून भरलं. एकवीस मिनिटं लागली. फोन उघडला, फुल्या गेल्या, मागोमाग नऊ दिवसांचे संदेश टणटणत आत यायला लागले. त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. अपडेटसोबतची माहिती मी उघडून वाचली. दोन ओळी होत्या : कार्यक्षमतेत सुधारणा, किरकोळ दोषांची दुरुस्ती.

किरकोळ.

चार फोन पूर्ववत झाले, रीसेट झालेलाही त्यात आला, रिकामा पण बोलता. पाचवीनं मात्र थांबवेना म्हणून पाचव्याच दिवशी सहा हजार आठशे भरून बोर्ड बदलून घेतला होता. तिच्या पावतीवर दोषाच्या रकान्यात लिहिलंय : हाताळणीमुळे बिघाड. ती पावती पाहिल्यावर ताई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर

फोन त्या बाईच्या नावावर, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली धरली जाते. म्हणून तक्रार तिच्याच नावानं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंदवली. पुरावा म्हणून लागलं काय? बिघाडाच्या दिवशी मी काढलेले पडद्याचे फोटो, अपडेटची तारीख-वेळ दाखवणारं पान, आणि त्याच तारखेचे इतर चार फोन. एकाच रात्री पाच जणींच्या हाताळणीत एकच बिघाड कसा होईल, हे एक वाक्य अर्जात ताईंनी स्वतः घातलं. कंपनीकडून अजून पैसे आलेले नाहीत. नाही आले तर जिल्हा आयोगात जायचं ठरलंय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी याच शहरात सुरू केली, आणि पुण्यात अशा कामाला कागद नीट लावून देणारी माणसं आजही भेटतात, हा आमचा अनुभव.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. त्या नऊ दिवसांनंतर अकराही जणींनी अपडेट बंद करून टाकायला सांगितलं. त्यांना दोष कसा देणार? पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, १४ मार्चलाच येऊन पडलं होतं. ज्यांनी घेतलं नव्हतं ते सापडले. या मावशींच्या फोनात आता बँक आहे, रुग्णांची माहिती आहे, परक्या घरांचे पत्ते आहेत. एक वाईट अपडेट मागे घेताना कंपनी गप्प बसते, तेव्हा पुढच्या दहा चांगल्या अपडेटांवरचाही विश्वास ती घालवते, आणि त्याची किंमत भरायला ती हजर नसते.

बरीच चर्चा करून आम्ही असं ठरवलं. आपोआप अपडेट बंद. नवीन आलं की आधी ताईंच्या आणि माझ्याकडच्या जादा फोनवर घ्यायचं, ते दिवसा आणि कामाच्या दिवशी. कॉल, एसएमएस, यूपीआय, हजेरी, चारही तपासायचं. आठवडा जाऊ द्यायचा. मग दिवसपाळी, आणि तीन दिवसांनी रात्रपाळी. सगळ्यांचं एकाच रात्री कधीच नाही. नोंदींची प्रत दर रविवारी ब्यूरोच्या संगणकावर उतरते. आणि बटणांचे ते पाच फोन ताईंच्या कपाटात चार्ज करून ठेवलेत.

गेल्या महिन्यात पुढचं सुरक्षा अपडेट आलं. आठवडा झाला, काही बिघडलं नाही, म्हणून मी वारज्याच्या मावशींना फोन केला की आता घ्या. त्यांनी विचारलं, ‘ताईंच्या फोनवर आलंय का?’ म्हटलं, आलंय, चालतंय. ‘तुमच्या?’ म्हटलं, माझ्याही. जरा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, ‘उद्या सकाळी ड्युटी संपली की तुमच्याकडं येते. तुमच्या समोर दाबते.’ आल्या. खुर्चीत बसल्या, पिशवीतून आधी चाळीस पानी वही काढून टेबलावर ठेवली, मग फोन.